घरच्या घरी वर्षावास: आषाढ ते आश्विन, टप्प्याटप्प्याने

आषाढ पौर्णिमेला विहारात गर्दी असते. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, दाराबाहेर चपलांचा ढीग. भंतेजी त्रिशरण-पंचशील देतात आणि ग्रंथवाचनाला सुरुवात होते. दोन-तीन आठवड्यांत पाऊस जोर धरतो आणि चटईवर मोकळ्या जागा दिसायला लागतात. त्यातली एक जागा बरीच वर्षं माझी होती. नोकरी, मुलीची शाळा, सासूबाईंची औषधं यांतून रोज विहारात जाणं जमत नसे, आणि ते जमत नाही म्हणून घरीही काहीच होत नसे. मग एका वर्षी वर्षावास, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांची ही साधना, घरातच करायची असं ठरवलं. तेव्हापासून सहा पावसाळे झाले. त्यांत जे टिकलं तेच इथे लिहिते, आणि जे फसलं त्यातलंही थोडं.

वर्षावास का सुरू झाला याचं कारण विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, आहे. भिक्षू भर पावसातही चारिका करत, म्हणजे गावोगाव पायी फिरत, आणि पायाखाली कोवळं गवत, किडामुंगी तुडवली जाई. लोक कुरकुरले, की पावसाळ्यात पाखरंसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटं करून एका जागी राहतात, आणि हे मात्र हिंडतातच. त्यावर तथागतांनी, म्हणजे बुद्धांनी, तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम केला. लोकांच्या तक्रारीतून आलेला नियम म्हणून मला तो फार जवळचा वाटतो. गृहस्थाला त्यातून एक मोठी सोय मिळते, ती म्हणजे मुदत. ‘आता जन्मभर साधं राहणार’ म्हणणारा माणूस आठवड्याभरात मोडतो. ‘आश्विन पौर्णिमेपर्यंत’ म्हणणारा बहुधा तग धरतो.

आधीचा आठवडा: काहीही बदलू नका

आषाढ पौर्णिमेच्या सात दिवस आधी एक साधी शंभर पानी वही घ्या. हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं आणि नशा यांपासून दूर राहण्याची जी पाच शीलं, त्यांची पाच पानं करा. आठवडाभर स्वतःत कसलीही सुधारणा न करता नुसतं लिहा. माझ्या पहिल्या वर्षीच्या नोंदी अशा होत्या: ‘अदिन्नादाना (न दिलेलं घेणं): ऑफिसचं पेन घरी आलं, दोन नग.’ ‘मुसावादा (खोटं बोलणं): फोनवर म्हणाले निघालेच आहे, तेव्हा पलंगावर होते.’ वाचताना हसू येतं. पण तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की ‘निघालेच आहे’ मी दिवसातून दोन-तीनदा म्हणते.

ही वही म्हणजे पापाचा हिशेब नाही. शील घेताना आपण म्हणतो ‘वेरमणी सिक्खापदं समादियामि’, म्हणजे विरत राहण्याचं शिक्षापद मी स्वीकारतो. शिक्षापद म्हणजे शिकण्याची पायरी. पायरीवरून पाय घसरला तर तीच पायरी पुन्हा चढायची.

पाचव्या शीलाबद्दल एक सांगते. त्यातला ‘सुरामेरयमज्ज’, म्हणजे दारू-मद्याचा, भाग वादाचा नाहीच. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू पिणार नाही हे स्पष्ट आहे. पण त्याच ओळीत पुढे ‘पमादट्ठाना’ येतं, प्रमादाचं ठिकाण. मी त्या पानावर रात्री मोबाईलवर किती वेळ गेला ते लिहिते. सूत्रात मोबाईल नाही, ही जोड माझी. पटली तर घ्या.

संकल्प: तीनच, आणि मोजता येतील असे

आठवड्याची वही वाचून तीन संकल्प निवडा. ‘राग करणार नाही’ हा संकल्प होत नाही, कारण संध्याकाळी तो पाळला की मोडला हे सांगताच येत नाही. ‘जेवताना फोन दुसऱ्या खोलीत’ हा संकल्प झाला. ‘ऑनलाईन कपडे घेणार नाही’ हाही. कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

सवलतही आधीच लिहून ठेवा. भिक्षूंच्या नियमातही ती आहे: आजारी सोबती, आईवडील किंवा संघाचं काम अशा कारणासाठी वर्षावासाची जागा सोडून सात दिवसांपर्यंत जाता येतं, पण परत यावं लागतं. मला ही तरतूद शहाणपणाची वाटते. गावाकडे कुणाचं लग्न निघालं, घरातलं कुणी दवाखान्यात भरती झालं, तर संकल्प मोडला असं म्हणू नका. ‘सात दिवस बाहेर’ असं वहीत लिहा आणि आठव्या दिवशी परत या.

संकल्प स्वतःपुरता ठेवा, हे मी शिकले ते ठेच लागून. पहिल्या वर्षी मी उत्साहात घरातली संध्याकाळची मालिकाच बंद केली. सासूबाई तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी मालिका सुरू झाली आणि त्यांचं बोलणंही.

सकाळची दहा मिनिटं

वंदना घरात होत असेलच, नसेल तर त्रिशरण-पंचशीलाला दोन-तीन मिनिटं पुरतात. त्यानंतर दहा मिनिटं आनापान. घडीच्या चटईवर बसा, गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर. पाठ सरळ, पण ताठ नको. डोळे मिटून लक्ष नाकपुड्यांशी ठेवा. श्वास आत येतो, बाहेर जातो, त्याची फक्त जाणीव. लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड. त्याला वळण लावायला जाऊ नका, तो प्राणायाम झाला. मन डब्यात काय द्यायचं तिकडे जाईल. गेलं हे कळलं, की चिडचिड न करता परत आणा. दहा मिनिटांत हे चाळीसदा होईल आणि तेच काम आहे.

काही परंपरांत श्वास मोजतात, पाचपेक्षा कमी नाही आणि दहापेक्षा जास्त नाही असा आकडा विशुद्धिमग्ग या जुन्या पाली ग्रंथात आहे. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रावर शिकवतात त्या पद्धतीत मोजणं नाही. दोन्ही एकत्र करू नका, एक धरा. दहा दिवसांचं शिबिर करायची इच्छा असेल तर जरूर करा, शुल्क नसतं. पण शिबिर झाल्याशिवाय घरी बसायचंच नाही, अशी अट स्वतःला घालून वर्षं घालवू नका.

दिवसभरासाठी एकच काम निवडा आणि ते करताना दुसरं काही करायचं नाही असं ठरवा. मी पावसाळ्यात कपडे वाळत घालण्याचं काम घेते. दोरीवर ओलं कापड, चिमटा, झटकताना उडणारे थेंब. सतिपट्ठान सुत्तात (सुत्त म्हणजे बुद्धांचा उपदेश) सजगतेची यादी आहे, तिच्यात चालणं, वळून पाहणं, हात दुमडणं, खाणं-पिणं, बोलणं, गप्प राहणं एवढंच नव्हे, तर शौचाला जाणंही आहे. संडासात मोबाईल नेणाऱ्यांनी ती ओळ वाचावी. आमच्या घरात तीन महिने हा नियम सर्वांना लागू आहे आणि सकाळची रांग निम्म्यावर आली आहे.

बोलणं

सगळ्यात अवघड हेच, म्हणून यावर जरा थांबते. सम्यक वाणीत, म्हणजे योग्य बोलण्यात, चार गोष्टी टाळायच्या असतात: खोटं (मुसावादा), चुगली (पिसुणा वाचा), कठोर बोलणं (फरुसा वाचा) आणि वायफळ बडबड (सम्फप्पलाप). चारही एकदम धरल्या तर माणूस मुका होतो किंवा ढोंगी. मी महिन्याला एक धरते आणि सुरुवात चुगलीपासून करते, कारण तिची खूण सोपी आहे: समोर नसलेल्या माणसाबद्दल जे त्याच्यासमोर बोलता येणार नाही, ते बोलायचं नाही.

पहिल्या आठवड्यात तुम्हाला बोलायला विषयच उरत नाहीत. ऑफिसात डबा खाताना ते फारच जाणवलं. तिथे उपदेश केला तर डब्याला सोबत उरणार नाही, म्हणून युक्ती अशी: ज्या माणसाची निंदा चाललीय त्याच्याबद्दलची एखादी खरी चांगली गोष्ट सांगा आणि चटणी पुढे करा. विषय पुढे सरकतो. नाहीच सरकला तर पाण्याची बाटली भरायला उठा.

एक गोष्ट मात्र गोंधळू नका. अन्यायाबद्दल बोलणं म्हणजे चुगली नव्हे. वरिष्ठ छळतोय, कुणाला जातीवरून बोलला, तर ते योग्य जागी, पुराव्यानिशी, मोठ्यानं सांगितलंच पाहिजे. ‘मी वर्षावासात आहे, मौन पाळते’ असं म्हणून तिथे गप्प बसणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या गप्प बसण्याला सम्यक वाणी म्हणायला मी तयार नाही. सुत्तात चांगल्या वाणीच्या पाच कसोट्या आहेत: वेळेवर, खरं, मृदू, हिताचं, मैत्रीच्या मनानं. ‘गोड’ हा शब्द त्यात नाही. मृदू आणि गोड यांत फरक आहे.

व्हॉट्सॲपसाठी माझा नियम: आलेला संदेश त्याच दिवशी पुढे पाठवायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवावासा वाटला तर पाठवायचा. सहा वर्षांत सकाळी पाठवावेसे वाटलेले संदेश दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील.

ताट

कोसलचा राजा प्रसेनजित एका बैठकीला द्रोणभर भात खायचा (पानाचा द्रोण नव्हे, धान्याचं जुनं मोठं माप). एकदा तसाच जेवून धापा टाकत तथागतांकडे आला. त्यांनी एक गाथा म्हटली: जो सजग राहून जेवणाचं माप जाणतो त्याच्या वेदना कमी होतात, अन्न सावकाश पचतं, आयुष्य राखलं जातं. राजानं सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला सांगून रोज जेवणाच्या वेळी म्हणण्याच्या कामावर ठेवलं, दिवसाला शंभर कार्षापणांवर (तेव्हाची नाणी). हळूहळू राजा नाळीभर, म्हणजे त्याहून पुष्कळ लहान मापाच्या, भातावर आला.

आमच्याकडे सुदस्सनाचं काम मुलगी फुकट करते. मी तिसऱ्या भाकरीला हात घातला, की ती नुसतं ‘महाराज!’ म्हणते. तुमच्याकडे असं कुणी नसेल तर या तीन गोष्टी करा. एक, भात एकदाच वाढून घ्या. दोन, पहिले पाच घास न बोलता खा. तीन, बुद्धांचे शिष्य सारिपुत्त यांच्या गाथेत आहे तसं, चार-पाच घासांची भूक ठेवून पाणी प्या. पहिले दोन आठवडे रात्री साडेनऊला भूक लागेल, मग लागत नाही.

मटण-मासे सोडायचे का, हे दरवर्षी कुणीतरी विचारतं. पंचशीलात तशी अट नाही. आपल्यासाठी मारलेलं पाहिलं, ऐकलं किंवा तशी शंका असेल तर घेऊ नये, असा नियम भिक्षूंना आहे. तीन महिने सोडणारी पुष्कळ घरं आहेत, आमचंही आहे. न सोडणाऱ्याला कमी लेखणं मात्र सोडून द्या.

पौर्णिमेचा उपोसथ

आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन अशा चार पौर्णिमांना अष्टशील घ्यायचं. उपोसथ म्हणजे उपास नव्हे, हे आधी घरच्यांना सांगा. नाहीतर प्रेमानं साबुदाणा भिजत घातला जातो. इथे पदार्थाला बंदी नाही, वेळेला आहे: मध्यान्हानंतर जेवायचं नाही. डाळ, भात, भाजी, भाकरी, सगळं चालतं.

आदल्या दिवशी दुपारच्या जेवणाची तयारी करून ठेवा. शक्य असेल तर सुट्टी टाका, नसेल तर शीलं घेऊन कामावर जा. पहाटे आंघोळ करून पांढरे कपडे घाला आणि विहारात किंवा घरी अष्टशील घ्या. पंचशीलापेक्षा फरक असा: तिसरं शील त्या दिवसापुरतं पूर्ण ब्रह्मचर्याचं होतं (जोडीदाराला आधी सांगून ठेवा, रात्री अकराला नको). त्यात तीन शीलं आणखी येतात: विकाळी जेवण नाही, नाच-गाणं-करमणूक आणि दागिने-सुगंध नाही, उंच, ऐसपैस अंथरूण नाही. म्हणजे टीव्ही बंद, पावडर-अत्तर नाही, झोप चटईवर.

दुपारचं जेवण विहारात बाराच्या आत उरकतात. सूर्य माथ्यावर येण्याचा हिशेब धरला तर नाशकात आषाढात तो साडेबाराच्याही पुढे जातो. पण घासाघीस कशाला, बारा धरा. त्यानंतर पाणी, गाळलेलं लिंबू सरबत चालतं. दूध अन्नात मोडतं. मधुमेह असेल, इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील, गरोदर असाल, तर हे सहावं शील घेऊ नका. उरलेली सात घ्या. सासूबाई तसंच करतात आणि संध्याकाळी सात वाजता आमच्यासमोर बसून शांतपणे भाकरी खातात. ती माझी खरी परीक्षा.

संध्याकाळी चार ते सात हा वेळ खायला उठतो. त्यासाठीच ग्रंथवाचन ठेवा. विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ चालू असतंच. घरी वाचायचं असेल तर आपल्या प्रतीच्या पानांना नव्वदनं भागा, रोजचा वाटा निघतो. मोठ्यानं वाचा आणि वाचणारा रोज बदला.

कपाट

कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी बुद्धांचा शिष्य आनंद याला पाचशे चीवरं, म्हणजे भिक्षूंची वस्त्रं, दिली. राजाला शंका आली, एवढ्या चीवरांचं हा करणार काय, दुकान टाकणार का? तो विचारायला गेला. आनंद म्हणाला, ज्यांची फाटलीत त्यांना वाटीन. मग फाटलेल्यांचं काय? त्यांच्या चादरी. जुन्या चादरींचं? गादीच्या खोळी. खोळींचं? खाली अंथरायला. त्याचं? पायपुसणी. पायपुसण्याचं? फडकी. फडक्यांचं? चिखलात कालवून जमीन लिंपायला. राजा खूश होऊन गेला.

आपल्याकडे आजीच्या हातात हेच गणित होतं, तिची गोधडी त्याच उतरंडीतली. आता करायचं ते असं: कपाटातला प्रत्येक कपडा काढा आणि त्याची पुढची पायरी ठरवा. वापरतोय, तर परत आत. वापरत नाही पण धड आहे, तर देऊन टाका, धुऊन, बटण लावून. विरलेला, तर गोधडीला किंवा फडक्याला. ‘कधीतरी लागेल’ ही पायरी आनंदाच्या यादीत नाही. एका रविवारी एकच कप्पा. सगळं घर एकदम काढलं तर रात्री झोपायला जागा राहत नाही, अनुभव आहे.

पैसे

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत (पांडवलेणी) दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्यानं गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, २००० कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजानं. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण त्यातून द्यायचे. हिशेब करून पाहा: महिन्याला २०, वर्षाला २४०, वीस जणांना बारा-बारा. काटेकोर. आणि पुढे अट, की मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आजही गोवर्धन गाव नाशिकशेजारी आहे. तिकडून बस जाते तेव्हा मला दरवेळी हा आकडा आठवतो.

गृहस्थासाठी वाटणी सिगालोवाद सुत्तात आहे: उत्पन्नाचे चार भाग, एक खाण्यापिण्याला, दोन कामधंद्यात, चौथा अडीनडीसाठी. पगारदाराला दोन भाग धंद्यात घालणं शक्य नाही आणि घरभाडं, हप्ता, फी यांपुढे एका भागात खाणंही अवघड. पण चौथ्या भागाला धरून सुरुवात करता येते. ४०,००० पगार असेल तर १०,००० पहिल्याच दिवशी बाजूला. आम्ही पहिल्या वर्षी ४,००० वर होतो, चौथ्या वर्षी ९,००० वर आलो.

तीन महिने खर्च रोज लिहा आणि रविवारी एकच प्रश्न विचारा: यातलं उंबर कोणतं? कोलियांच्या दीघजाणूला सांगितलेल्या सुत्तात, मिळकत थोडी आणि राहणी थाटाची असलेल्या माणसाला उंबर खाणारा म्हटलंय. दोन फळांसाठी तो अख्खं झाड हलवतो, सडा पडतो, आणि खातो दोनच. आमच्या वहीत अशा खर्चापुढे ‘उं’ लिहितात. मागच्या श्रावणात घरपोच खाण्यापुढे सात ‘उं’ होते आणि एक नवऱ्याच्या तिसऱ्या हेडफोनपुढे.

त्याच सुत्तात दुसरी बाजूही आहे: भरपूर असून हाल काढून जगू नये. मुलीच्या सहलीचे पैसे वाचवण्याला साधेपणा म्हणत नाहीत.

आश्विन पौर्णिमा: प्रवारणा

वर्षावास संपताना भिक्षू एकमेकांपुढे बसून म्हणतात: माझ्याबद्दल काही पाहिलं असेल, ऐकलं असेल, शंका आली असेल, तर अनुकंपेनं सांगा, दिसलं तर मी सुधारेन. तीन महिने एकत्र राहिलेली माणसं हे मागतात, हे मला वर्षावासातलं सगळ्यात धाडसाचं वाटतं.

घरी असं करा. संध्याकाळची कामं उरकल्यावर सगळे खाली बसा. मोठ्यानं सुरुवात करावी, म्हणजे लहानांना धीर येतो. प्रत्येकानं तेच तीन शब्द वापरून विचारायचं: पाहिलं, ऐकलं, शंका आली. सांगणाऱ्यानं एकच गोष्ट सांगायची, याच तीन महिन्यांतली, जुनी उकरायची नाही. ऐकणाऱ्यानं खुलासा करायचा नाही. ‘पण मी तेव्हा…’ म्हटलं की प्रवारणा मोडली. ऐकून ‘साधु’ म्हणायचं आणि वहीत लिहायचं.

गेल्या वर्षी मी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, काही नाही गं. नवरा छताकडे बघत होता. मुलगी म्हणाली, ‘मम्मी, तू आनापानाला बसतेस ना, तेव्हा आम्ही जरा आवाज केला की डोळे न उघडता ओरडतेस. आम्हाला तुझी दिवसभरात सगळ्यात जास्त भीती तेव्हाच वाटते.’

‘पण’ माझ्या ओठांवर आला होता. तो गिळला, साधु म्हणाले, लिहून घेतलं. तेवढ्यात खालून सोसायटीतल्या कोजागिरीच्या मसाला दुधाचा वास वर आला, आणि आम्हा तिघांचं अष्टशील पहाटेपर्यंत होतं.